पुढचे पाय नसलेल्या कुत्र्याची गाडी: मोजमाप, तोल आणि पहिल्या फेऱ्या

नसलेल्या पायांच्या जागी चाकं देणारी गाडी आली, पट्टे बांधले, आणि पिल्लू जागचं हलेना. किंवा दोन पावलं टाकून नाकावर आपटलं. किंवा आता गाडी नुसती दिसली तरी पलंगाखाली जाऊन बसतं. अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी निकाल आधीच लावलेला असतो: "याला गाडी आवडतच नाही." गाडी बघितली की कारण समोर दिसतं. छाती पट्ट्यातून खाली लोंबतेय, चाकं पार पोटाखाली गेलीत, नाहीतर पट्ट्याची कड बगलेत रुततेय. पिल्लाला गाडीचं वावडं नसतं. त्याला एकतर टोचत असतं, नाहीतर त्याचा तोल जात असतो.

चुका सहसा गाडीत बसवण्याच्या आधीच होऊन गेलेल्या असतात, म्हणून या लेखातली निम्मी जागा तयारीला दिली आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा.

हा लेख मुख्यतः जन्मतः पुढचे दोन्ही पाय नसलेल्या, किंवा पायांच्या जागी नुसते खुंट असलेल्या कुत्र्यांसाठी आहे. कुत्रं उभं असताना त्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या. त्यामुळे पुढची गाडी बसवणं मागच्या गाडीपेक्षा बरंच अवघड असतं. मागचे पाय नसतील तर काय बदलतं ते शेवटी दिलं आहे. एकच पाय नसेल, तर बहुतेक कुत्री तीन पायांवर उत्तम धावतात. त्यांना गाडी लावायची घाई करू नका.

बाजारातल्या बहुतेक गाड्या अर्धांगवायू झालेल्या किंवा म्हातारपणी मागचे पाय गेलेल्या कुत्र्यांसाठी बनवलेल्या असतात. असं कुत्रं आधी चालत होतं, त्याला सगळे पाय आहेत, फक्त त्यांत जोर नाही. तुमच्या पिल्लाची गोष्ट निराळी. त्याने स्वतःची चाल आधीच शोधून काढलेली असते: मागच्या पायांवर उड्या मारत जाणं, किंवा छाती जमिनीला टेकवून मागून रेटणं. त्याच्या संवेदना शाबूत असतात, म्हणजे टोचलं की त्याला कळतं. त्याचे खुंट हलतात आणि गाडीच्या कडांना घासतात. जातीवरून किंवा वजनावरून मागवलेली तयार गाडी म्हणूनच क्वचित बसते.

टप्पा १: गाडीआधी डॉक्टर

जन्मजात व्यंग बऱ्याचदा एकटं येत नाही. पायाचं हाड नसलेल्या पिल्लात कधी कधी मणक्यात, बरगड्यांत किंवा हृदयातही काही दोष निघतो. म्हणून गाडीचा विचार सुरू करण्याआधी व्हेटकडून एवढं बघून घ्या:

- मणक्याचा आणि मागच्या दोन्ही पायांचा एक्स-रे. खुब्याचा सांधा आणि गुडघ्याची वाटी जागेवर आहे ना हे खास विचारा. पुढे आयुष्यभर सगळी ढकलाढकल याच पायांना करायची आहे.
- खुंटाच्या आत हाड कुठपर्यंत आहे. टोकाला हाड थेट कातडीखाली असेल, तर तिथे पट्टा येता कामा नये.
- हृदय आणि श्वास. छाती चपटी झालेल्या पिल्लाला छातीवर पट्टा आवळला की धाप लागते.
- वजन योग्य आहे का. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात.

कोपर शाबूत असेल आणि त्याखाली पायाचा बराचसा भाग शिल्लक असेल, तर कृत्रिम पायाचाही विचार होऊ शकतो. तेही याच भेटीत विचारून घ्या. कोपरच नसेल तर कृत्रिम पाय अडकवायला जागा नसते, आणि मग गाडी हाच रस्ता.

इशारा: छातीवर, हनुवटीवर किंवा खुंटाच्या टोकाला जखम असेल, तर ती पूर्ण भरेपर्यंत गाडी नाही. मलमपट्टी करून वर पट्टा बांधला की आतली जखम चिघळते.

टप्पा २: फरशी आणि मागचे पाय

गाडी येईपर्यंतचा काळ वाया जाऊ देऊ नका. गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात आणि छाती घासत जाते, म्हणून त्याच्या वावरायच्या जागेत रबरी मॅट किंवा योगा मॅट अंथरा. सगळं घर झाकायची गरज नाही. झोपायची जागा, जेवायची जागा आणि त्यांच्यामधली वाट एवढं पुरतं. मागच्या नख्या कापलेल्या ठेवा, आणि पंजाच्या गाद्यांमध्ये केस वाढले असतील तर तेही कापा. खुंटाला नखी असेल तर ती जमिनीवर झिजत नाही. वाढून वळते आणि कातडीत घुसते. केसाळ पिल्लांत ही नखी महिनोन्महिने कुणाच्या लक्षातच येत नाही.

जेवणाचं भांडं उंच ठेवा आणि पिल्लाच्या छातीखाली घट्ट उशी द्या, म्हणजे मान वर ताणावी लागणार नाही.

मागच्या पायांसाठी एकच व्यायाम सांगतो, पण रोजचा. रुंद टॉवेल छातीखालून घेऊन पुढचा भाग उचलून धरायचा, पाठ जमिनीला समांतर करायची आणि पिल्लाला नुसतं उभं राहू द्यायचं. सुरुवातीला काही सेकंद, मग हळूहळू वाढवत एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दिसायला क्षुल्लक वाटतं, पण मागच्या दोन पायांवर उडत जायची सवय लागलेल्या पिल्लाला पाठ आडवी ठेवून उभं राहणं म्हणजे काय हेच माहीत नसतं. गाडीत त्याला नेमकं तेच करायचं आहे. हा सराव झालेली पिल्लं गाडीत फार लवकर रुळतात.

तपासा: टॉवेलच्या आधाराने पिल्लू एक मिनिट न थरथरता उभं राहतं का? राहत नसेल तर पुढच्या टप्प्याला थोडं थांबा. न थरथरणाऱ्या पायांवर घेतलेलंच मोजमाप खरं.

टप्पा ३: मोजमाप

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यांतली सगळ्यांत मोठी म्हणजे बसलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याचं माप घेणं. त्या स्थितीत छाती पसरते, पाठ वाकते, आणि उंची तर मिळतच नाही.

माणसं दोन लागतात. एकाने टॉवेलने छाती उचलून धरायची, दुसऱ्याने टेप धरायचा. आधी मागचे पाय जागेवर आणा. उड्या मारणारी पिल्लं मागचे पंजे पोटाखाली ओढून घेतात, कारण दोन पायांवर तोल असाच राहतो. पंजे हळूच मागे न्या. टाचेच्या सांध्यापासून पंजापर्यंतचा भाग बाजूने बघितला तर जमिनीला काटकोनात उभा दिसायला हवा. मग खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीवर एक पट्टी ठेवा आणि ती आडवी होईपर्यंत टॉवेल वर-खाली करा. फोनमध्ये लेव्हल दाखवणारं ॲप असेल तर फोन सरळ त्या पट्टीवर ठेवा.

आता मापं:

१. छातीच्या तळापासून जमिनीपर्यंत उंची. सगळ्यांत महत्त्वाचं माप.
२. छातीचा घेर, खुंटांच्या लगेच मागे.
३. छातीची रुंदी. टेपने ती नीट येत नाही. दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभं धरून छातीला अलगद टेकवा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा.
४. छातीच्या मधल्या हाडाची लांबी, गळ्याखालच्या टोकापासून जिथे हाड संपून मऊ पोट सुरू होतं तिथपर्यंत.
५. मानेच्या मुळाशी घेर.
६. खांद्याच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी.
७. कमरेचा घेर, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे.
८. प्रत्येक खुंटाची लांबी, त्याचा रोख आणि तो कुठपर्यंत हलतो. डावा-उजवा वेगळा लिहा, ते क्वचितच सारखे असतात.
९. वजन, त्याच दिवशीचं.

प्रत्येक माप तीनदा घ्या, आणि दर वेळी पिल्लाला खाली ठेवून पुन्हा उचलून घ्या. तीन आकड्यांत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पाठ आडवी नव्हती असं समजा. केसाळ कुत्र्याचे केस बाजूला सारून टेप कातडीला लावा, पण आवळू नका.

गाडी दुसऱ्याकडून बनवून घेणार असाल तर आकड्यांबरोबर बाजूने, समोरून आणि वरून काढलेले फोटो द्या. टॉवेल धरून उभ्या केलेल्या अवस्थेतले. सोफ्यावर बसलेला गोड फोटो इथे काही कामाचा नाही.

टप्पा ४: झोळी, सांगाडा, चाकं

छातीचा आधार, म्हणजे झोळी, ही गाडीतली सगळ्यांत नाजूक गोष्ट. लोक चाकांवर तासन्‌तास चर्चा करतात आणि झोळी मात्र उरलेल्या पट्ट्याची शिवतात. पिल्लाचा पुढचा सगळा भार झोळीवर येणार आहे. तो छातीच्या मधल्या हाडावर आणि बरगड्यांच्या खालच्या भागावर पसरला पाहिजे. गळ्यावर नाही, बगलेत नाही, पोटावरही नाही. झोळीची पुढची कड छातीच्या हाडाच्या टोकाशी संपावी, म्हणजे गळा मोकळा राहतो. मागची कड हाड संपतं तिथे संपावी. पुढे मऊ पोटावर गेली की श्वास घेताना पोट दबतं.

खुंटांसाठी झोळीला मोकळी खाच ठेवा. खुंट हलवता यायला हवेत, कारण कित्येक कुत्री तोल सांभाळताना ते हलवतात. खाचेच्या कडेला आत वळवून शिवलेलं मऊ कापड किंवा निओप्रीन (मऊ, रबरी कापड) लावा. शिवण कातडीकडे नको, बाहेरच्या बाजूला हवी. पाठीवरून दोन पट्टे घ्या, एक खांद्यांच्या मागे आणि एक बरगड्यांच्या शेवटाला. एकाच पट्ट्यावर झोळी फिरते.

सांगाड्याला छोट्या कुत्र्यांसाठी, साधारण १० किलोपर्यंत, पीव्हीसी पाईप चालतो. त्यापुढे ॲल्युमिनियम घ्या, कारण पाईप लवचिक असल्याने भाराखाली वाकतो आणि चाकं फाकतात. घरी बनवताना पाईपचे जोड सोल्युशनने लगेच चिकटवू नका. आधी कोरडे जोडून बघा आणि सगळं जमल्यावरही वाढत्या पिल्लासाठी स्क्रूनेच पक्के करा, म्हणजे पुन्हा उघडता येतात. दोन्ही बाजूंच्या दांड्या कमरेपर्यंत मागे न्या आणि तिथे कमरेला एक सैलसर पट्टा द्या. गाडी शरीराच्या रेषेत राहते ती या पट्ट्यामुळे. नर असेल तर हा पट्टा लघवीच्या जागेच्या पुढे येतोय ना हे बघा.

चाकं दोन, मोठी आणि सरळ धावणारी. सगळीकडे फिरणारी छोटी कॅस्टर चाकं मुख्य चाकं म्हणून लावू नका. कुत्रं मागून ढकलतं आणि पुढची चाकं वाटेल तिकडे घसरतात, मग सरळ जाणंच जमत नाही. मुख्य चाकं सरळ असली की कुत्रं मागचं अंग फिरवून वळतं. घरात छोट्या कुत्र्याला १० ते १५ सेंटीमीटर व्यासाचं चाक पुरतं. गवत, खडी, खड्डे असतील तर मोठं चाक घ्या. मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांना २० ते ३० सेंटीमीटरचं बरं पडतं.

टप्पा ५: तोल

पिल्लाला गाडीत उभं करा आणि कुणालातरी समोर बसवा. अजून चालवायचं नाही. चाकांचा आख साधारण तिथे हवा जिथे पुढचे पंजे असते, म्हणजे खांद्याच्या सरळ खाली. आख फार मागे गेला तर डोकं, मान आणि छाती त्याच्या पुढे लटकतात आणि गाडी नाकावर उलटते. फार पुढे गेला तर पुढचा भार चाकांऐवजी मागच्या पायांवर येतो आणि पिल्लू लवकर थकतं. दुकानातून आलेली गाडी बरोबर बसवलेली असेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक गाडीला या चाचण्या लावा.

पाठीची चाचणी. पट्टी पुन्हा पाठीवर ठेवा. पुढून खाली असेल तर उंची वाढवा, पुढून वर असेल तर कमी करा. "थोडं वर असू दे, म्हणजे छाती घासणार नाही" हा सल्ला मी नेहमी ऐकतो आणि मला तो पटत नाही. पुढून उचललेल्या कुत्र्याचे खुबे सतत दबलेले राहतात.

वजनकाट्याची चाचणी. मागचे दोन्ही पंजे वजनकाट्यावर ठेवा आणि चाकांखाली काट्याइतक्याच उंचीची पुस्तकं किंवा फळी द्या. चारही पाय असलेल्या १० किलोच्या कुत्र्याच्या मागच्या पायांवर सुमारे ४ किलो भार येतो. पुढचे पाय नसलेल्या कुत्र्याचं पुढचं अंग हलकं आणि मांड्या भरलेल्या असतात, त्यामुळे ४ ते ५ किलो आकडा आला तरी चालेल. अडीच-तीन किलोच आला तर आख पुढे सरकवा. सहाच्या वर गेला तर मागे.

वास घेण्याची चाचणी. खाऊ नाकापासून हळूहळू जमिनीपर्यंत न्या. पिल्लू डोकं खाली घालेल. मागचे पंजे जमिनीवरून सुटले किंवा हलके झाले, तर आख थोडा पुढे हवा. कुत्र्याचं निम्मं आयुष्य जमीन हुंगण्यात जातं, त्यामुळे या चाचणीत सवलत देऊ नका. आख सरकवायला जागाच नसेल, तर पुढे जमिनीपासून थोडं अधांतरी राहणारं एक छोटं चाक लावा. ते फक्त नाकावर पडताना टेकेल.

बाजूची चाचणी. खांद्याला बाजूने हलकेच ढकला. ज्या बाजूने ढकलताय त्या बाजूचं चाक टेकलेलंच राहिलं पाहिजे. उचललं गेलं तर चाकांमधलं अंतर वाढवा, किंवा चाकं खालून थोडी बाहेरच्या बाजूला कलती करा. रुंदी वाढवताना घरातलं सगळ्यांत अरुंद दार मात्र मोजून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही अर्धा ते एक सेंटीमीटर. बदलण्याआधी जुन्या जागेवर मार्करने खूण करून ठेवा. उंची, आख आणि पट्टे एकदमच बदलले तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही.

तपासा: गळ्याशी दोन बोटं सहज जातात. पाठीच्या पट्ट्यांखाली छोट्या कुत्र्यात एक आणि मोठ्या कुत्र्यात दोन बोटं सपाट सरकतात. यापेक्षा सैल नको. "बिचाऱ्याला आवळतंय" म्हणून सैल केलेला पट्टा जास्त घासतो.

टप्पा ६: आधी ओळख, मग बांधणी

पहिले काही दिवस गाडी नुसती खोलीत पडू द्या. पिल्लाने हुंगली की खाऊ. मग ती हाताने थोडी ढकला, चाकांचा आवाज होऊ द्या, पुन्हा खाऊ. दुसरीकडे, नुसती झोळी अंगावर घालून खेळवा, अजून सांगाडा नको. झोळी घातल्यावर पिल्लू ती चावत-ओढत असेल तर कड कुठेतरी टोचतेय. ते आत्ताच शोधा, सांगाडा लागल्यावर शोधणं अवघड जातं.

मग दोन्ही जोडा आणि फक्त उभं करा. एक-दोन मिनिटं, चाटायला काहीतरी द्या, आणि पिल्लू खूश असतानाच बाहेर काढा. कंटाळून रडायला लागल्यावर काढलं, तर रडलं की सुटका होते एवढंच ते शिकतं.

टप्पा ७: पहिली पावलं

जागा सपाट, पकड देणारी आणि मोकळी हवी. एक माणूस पुढे खाऊ घेऊन, एक बाजूला गाडीजवळ. खाऊ छातीच्या उंचीवर धरा. वर धरला की पिल्लू मान उंचावतं आणि बूड खाली बसवतं, खाली धरला की पुढे झुकतं.

मागून ढकलू नका. ढकललेली गाडी पिल्लाला खेचून नेते आणि ते मागचे पाय रोवून थांबतं. कित्येकांची गाडी कायमची इथेच अडते. पिल्लाने स्वतः टाकलेलं एक पाऊल पुष्कळ झालं.

आधी उड्या मारणारी पिल्लं गाडीतही दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारतात. गाडी धडधडते, पण घाबरू नका. पाठ आडवी राहिली तर काही दिवसांत पाय आळीपाळीने पडू लागतात. काही कुत्री मात्र कायम सशासारखीच उडत जातात, आणि त्यात काही बिघडत नाही.

वेळ: सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी ५ मिनिटं. कातडी ठीक असेल आणि दुसऱ्या दिवशी पाय आखडलेले नसतील, तर दर काही दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा. २० ते ३० मिनिटांनंतर बाहेर काढून विश्रांती द्याच, मग ते कितीही उत्साहात असो.

पंजे ओढले जाणं, नख्या वरून घासलेल्या दिसणं, वारंवार बसणं, जीभ रुंद करून धापा टाकणं ही थांबायची लक्षणं. पिल्लू गाडीत बसलं की मागचं अंग खाली जातं आणि झोळी पुढे गळ्याकडे सरकते. ते उठल्यावर दर वेळी झोळी जागेवर आणा.

इशारा: गाडीत असताना कुत्र्याला क्षणभरही एकटं सोडू नका. त्याला नीट आडवं होता येत नाही, आणि कुशीवर उलटलं तर बहुतेकदा स्वतः उठता येत नाही. गाडीत झोपवणं, पिंजऱ्यात ठेवणं, जिना चढवणं-उतरवणं यांतलं काहीही नको.

टप्पा ८: बाहेर

घरातल्या फरशीनंतर सपाट पक्की वाट, मग आखूड गवत, मग हलका चढ. उतार सगळ्यांत शेवटी, आणि सांगाड्यावर हात ठेवूनच. पुढची गाडी लावलेल्या कुत्र्याला पुढे ब्रेक नसतो. उतारावर भार पुढे सरकतो, चाकं पळतात आणि मागचे पाय मागे पडतात. फुटपाथच्या कडेला गाडी कुत्र्यासकट उचला.

दोरी गळ्याच्या पट्ट्याला लावू नका. गळ्यातून खेचलं की पिल्लू पुढे उलटतं, आणि बाजूने खेचलं की आडवं पडतं. दोरी झोळीच्या पाठीवरच्या कडीला लावा. तुम्ही त्याच्या बाजूने चाला, पुढून ओढत नेऊ नका.

उन्हात झोळीखाली छाती फार तापते. पाणी सोबत ठेवा आणि ते छातीच्या उंचीवर धरून पाजा.

टप्पा ९: कातडी, पट्टे आणि नटबोल्ट

प्रत्येक फेरीनंतर झोळी काढून छातीचं हाड, दोन्ही बगला, खुंटांची टोकं आणि कमरेचा पट्टा बघा. लाली दिसली तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली आणि १५-२० मिनिटांत ओसरली, तर पट्टा किंवा कड थोडी सुधारा आणि पुढची फेरी छोटी ठेवा. दाबूनही लालच राहिली किंवा तासाभराने तशीच असेल, तर ती दाबामुळे होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे. गाडी बंद आणि व्हेटला फोन. काळ्या कातडीच्या कुत्र्यात लाली दिसत नाही. तिथे ऊब, सूज आणि केस गळणं बोटांनी तपासा. घरी आल्यावर पिल्लू एकच जागा चाटत बसलं, तर तेही उत्तरच समजा.

घासतंय म्हणून जाडजूड फोम भरणं हा नेहमीचा उपाय, आणि तो बहुतेकदा चुकतो. जाडी वाढली की पट्टा आणखी आवळला जातो आणि दाबही वाढतो. आधी कड कुठे लागतेय ते शोधून ती वळवा किंवा कापा.

झोळी ओली असताना घालू नका. दोन झोळ्या असल्या तर सोय होते. आठवड्यातून एकदा आखात गुंतलेले केस काढा आणि सगळे नट हाताने हलवून बघा. चालताना ढिले न होणारे, आत नायलॉनची कडी असलेले नट मिळतात, तेच लावा.

टप्पा १०: वाढतं पिल्लू

छोट्या जातींची वाढ साधारण ८ ते १२ महिन्यांत थांबते, मोठ्या जातींची १५ ते १८ महिन्यांत, आणि अगदी महाकाय जातींची दोन वर्षांपर्यंतही चालते. तोवर दर आठवड्याला वजन आणि दर दोन आठवड्यांनी उंची व छातीचा घेर. उंची बदलली की टप्पा ५ मधल्या सगळ्या चाचण्या पुन्हा. "आणखी दोन महिने चालेल" म्हणून लांबवलेली छोटी गाडी वाढत्या मणक्याला वाकवते. "वाढेल म्हणून" घेतलेली मोठी गाडी तितकीच वाईट. लहान वयात समायोजन करता येणारी स्वस्त, साधी गाडी आणि वाढ थांबल्यावर चांगली पक्की गाडी, असा माझा सरळ सल्ला आहे.

दिवसाचा उरलेला वेळ पिल्लाला मॅटवर, गाडीशिवाय, त्याच्या पद्धतीने वावरू द्या.

मागचे पाय नसतील तर

तयारी आणि मोजमापाची पद्धत तीच, फक्त टॉवेल कमरेखालून घ्यायचा. महत्त्वाचे फरक दोन.

पहिला म्हणजे बैठक. तयार मागच्या गाड्यांत पाय घालायची दोन कडी असतात आणि कमरेचा भार त्यांवर तोलला जातो. जन्मतः मांड्याच नसतील तर त्या कड्यांत अडकायला काही नसतं, आणि कंबर मागून निसटते. इथे ओटीपोटाखालून कंबर धरणारी, खोलगट, रुंद झोळी लागते. शी-शूची जागा पूर्ण मोकळी ठेवा, आणि गाडी घालून एकदा प्रत्यक्ष झालेलं बघितल्याशिवाय झोळी पक्की करू नका.

दुसरा तोल. कुत्रं गाडीत असताना खांद्याजवळच्या दांड्या दोन बोटांनी उचलून बघा. हलक्या लागल्या तर आख बरोबर आहे. दांड्या खांद्यांवर दाबत असतील तर चाकं डोक्याच्या दिशेने सरकवा. पुढून गाडी उलळत असेल आणि पोटाचा पट्टा वर ओढला जात असेल, तर चाकं शेपटीकडे न्या. शरीराच्या वजनाचा बहुतेक भार आयुष्यभर पुढच्या पायांनी वाहिलेला असतो. मनगटाचे सांधे मागे वाकलेले किंवा खांदे बाहेर फाकलेले दिसले, तर गाडीआधी व्हेटकडून ते तपासून घ्या.